नवरा-बायको एकाच ट्रकवर: गोव्यातून लांब पल्ल्याची सुरुवात कशी करावी

आम्ही दोघांनी मिळून एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे काम मागितलं, तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "दोघंही चालवणार? मग गाडी थांबवायचं कारणच नाही. हा झोपला की तू चालव, तू झोपलीस की हा." पगाराचं विचारलं तर म्हणाला, ह्याला ड्रायव्हरचा आणि तुला क्लीनरचा. आम्ही चहा घेतला आणि उठून आलो.

ट्रकवर एकत्र निघू पाहणाऱ्या प्रत्येक जोडप्यासमोर ह्याच दोन गोष्टी येतात. दोन चालक म्हणजे गाडी दुप्पट पळणार, अशी अपेक्षा. आणि बाई चालवत असली तरी कागदावर ती कोणीच नाही, ही सवय. ह्या दोन्हींना सुरुवातीलाच नाही म्हणता आलं, तर हा धंदा जोडप्याला चांगला आहे. मनापासून सांगते, चांगला आहे.

मी डिचोली तालुक्यातली. नवरा खाणीवर टिपर चालवायचा. सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागांतले हजारो ट्रक दारात उभे राहिले. बरेच चालक तेव्हा लांब पल्ल्याकडे वळले. टिपरवाल्याला वजनाची आणि चढउताराची सवय असते, पण आठ-आठ दिवस घराबाहेर राहायची नसते. माझा नवरा दोन वर्षं एकटा गेला आणि त्या दोन वर्षांत आमचं बोलणं फोनपुरतं उरलं. मग मी लायसन्स काढायचं ठरवलं. बाई हे करू शकते का, ह्यावर वेळ घालवत नाही. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी वकिलीचं शिक्षण घेऊन कित्येक वर्षं देशभर ट्रक चालवत आहेत. केरळमधल्या कोट्टायमच्या जलजा आणि रतीश ह्या जोडप्याला व्हिडिओंमुळे लाखो लोक ओळखतात.

लायसन्सला वर्ष-सव्वा वर्ष धरा

नवऱ्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स आहे आणि बायकोकडे काहीच नाही, अशीच बहुतेक जोडपी असतात. तेव्हा बायकोचा क्रम सांगते.

आधी साधं चारचाकीचं लायसन्स, म्हणजे एलएमव्ही. व्यावसायिक वाहनाच्या लर्निंगसाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि एलएमव्ही लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. हे वर्ष चुकवता येत नाही. म्हणून नवऱ्याशी बोलणं अजून अर्धवट असलं तरी चारचाकीचं लायसन्स आजच काढून ठेवा.

वर्ष झालं की लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, म्हणजे सारथी पोर्टलवर, लर्निंगसाठी अर्ज करायचा. त्यासोबत डॉक्टरने भरलेला नमुना १-अ लागतो. नजर आणि रंगांची ओळख त्यात तपासतात, तेव्हा चष्म्याचा नंबर आधीच करून घ्या. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. अवजड वाहनासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५ लागतो. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या चालक प्रशिक्षण केंद्रांत हा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पक्कं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. आमच्या वाड्यावरच्या दोन-तीन बायकांना हे माहीतच नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे ट्रक चालवता आला असं धरू नका. स्कूलची गाडी रिकामी असते. भरलेली गाडी वेगळीच चालते: उशिरा उचलते, उशिरा थांबते, वळणावर मागून ढकलते.

आधी चारशेसात

माझा हात बसला तो छोट्या गाडीवर. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. म्हणजे एलएमव्ही मिळाल्यावर जे एक वर्ष थांबायचं असतं, ते रिकामं घालवायची गरज नाही. गोव्याची भाजी बेळगावहून येते. त्या मार्गावर चारशेसातसारख्या (टाटा ४०७) छोट्या ट्रकवर बायकोने वर्षभर काढलं, तर घाट, रात्र, पाऊस, भरणी आणि व्यापाऱ्याशी बोलणं हे सगळं आपोआप शिकून होतं.

अवजड गाडीचं लर्निंग आलं की नवरा शेजारी बसून शिकवू शकतो. त्याच्याकडे त्या वर्गाचं चालू लायसन्स हवं आणि गाडीला 'एल' लावलेला हवा. आम्ही रविवारी औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यांवर सराव केला. पुढे जायला मी आठवड्यात शिकले, पण मागे घ्यायला दोन महिने लागले. गोदामाच्या फलाटाला गाडी सरळ लावणं ही खरी परीक्षा, कारण तिथे वीस माणसं बघत उभी असतात. नवरा बाहेर उभा राहून हात दाखवील, पण आरशात बघून आपणच लावायची सवय करा. एका गोदामात तो कागदपत्रांसाठी आत गेला होता आणि मला एकटीला गाडी लावावी लागली. त्या दिवसापासून लोकांचं बघणं मला जाणवेनासं झालं.

शिकवताना नवऱ्याने ओरडायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. "अगो, ब्रेक!" हे दोन शब्द भरल्या गाडीत ऐकले की पाय नको तेवढा दाबला जातो आणि मागचा माल पुढे येतो.

कागदावर दोघं चालक

मालकाच्या गाडीवर जाणार असाल तर दोघांचीही नावं चालक म्हणून लिहून घ्या. दोघांना पगार, दोघांना भत्ता, आणि दोन खात्यांत. बायकोला क्लीनर दाखवून एकाच पगारात भागवणाऱ्या मालकाला नकार द्या, मग भाडं कितीही चांगलं असो. ह्यात मानापमानापेक्षा मोठी गोष्ट आहे ती विम्याची.

मालवाहू गाडीच्या विम्यात चालक येतो, मालकाचा कामगार येतो, मालाचा मालक किंवा त्याचा माणूस येतो. "सोबत आलेय" म्हणून केबिनमध्ये बसलेली बायको ह्यांत कुठेच बसत नाही. अपघात झाला तर ती फुकटची प्रवासी ठरते आणि भरपाई अडते. तिच्याकडे त्या वर्गाचं लायसन्स नसताना ती चालवत असेल, तर आणखी वाईट: विमा कंपनी दुसऱ्या पक्षाला पैसे देऊन ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. शिवाय लायसन्सशिवाय चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, तो वेगळाच.

स्वतःची गाडी असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो आरसी बुकावर ज्याचं नाव त्याच्यापुरता. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोसाठी चालकाचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. रक्कम फार नसते. एजंट स्वतःहून सांगत नाहीत. आपण विचारायचं आणि पॉलिसीत ते छापून आलंय का ते वाचायचं.

स्वतःची गाडी घेताना: गोव्याच्या लोकांना एक वेगळा हिशेब आहे

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर काढा. हप्ता डोक्यावर असला की माणूस झोप कापतो. एकमेकांसोबत चौदा-चौदा दिवस केबिनमध्ये राहता येतं का, हेही कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.

तरीही गाडी घ्यायची वेळ आली, तर गोव्यातल्या जोडप्यांनी इथला नागरी कायदा समजून घ्यावा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या ह्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी. म्हणजे आरसीवर एकाचंच नाव असलं तरी लग्नानंतर घेतलेल्या ट्रकमध्ये दुसऱ्याचा अर्धा वाटा असतो, आणि कर्जाचा भारही तसाच घरावर येतो. घर तारण ठेवायचं तर बँक दोघांच्या सह्या घेतेच.

आयकरातही ह्याचा परिणाम होतो. १९६१ च्या आयकर कायद्यात ५-अ हे कलम खास ह्याच कायद्याखालच्या जोडप्यांसाठी घातलं गेलं: पगार ज्याचा त्याचा, पण धंद्याचं उत्पन्न दोघांत समान वाटून दोघांनी आपापलं विवरण भरायचं. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालवाहतूकदाराला अंदाजी उत्पन्न दाखवायची सोय आहे. १२ टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये असा तो हिशेब. २८ टनांची दहा चाकी गाडी वर्षभर चालली तर उत्पन्न ३,३६,००० रुपये धरलं जातं. ते निम्मं केलं की प्रत्येकी १,६८,०००. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात विवरण भरलेलं नसतं, त्यामुळे पुढे त्यांच्या नावावर कर्ज मिळत नाही. तेव्हा पॅन आणि विवरण दोघांचंही असू द्या. सीमेपलीकडे, सिंधुदुर्गात किंवा बेळगावात लग्न झालेल्यांनी आपल्याला हा कायदा लागू होतो का, ते वकिलाला विचारून घ्यावं. एकाच वाड्यावर दोन प्रकारची जोडपी असू शकतात.

देशभर फिरायचं तर नॅशनल परमिट लागतं, त्याचं वर्षाचं एकत्रित शुल्क १६,५०० रुपये. जुनी गाडी घेणार असाल तर बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण निकषाची, आहे की त्याआधीची ते बघा. बीएस-६ गाडीला डिझेलबरोबर युरियाचं द्रावण भरावं लागतं, आणि ते भेसळीचं भरलं तर इंजिनाची ताकद उतरते. केबिन झोपायच्या बर्थची घ्या. दोघांसाठी बर्थ नसलेली केबिन घेऊच नका. नव्या बनणाऱ्या अवजड ट्रकना २०२५ मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मे महिन्यात सोलापूरच्या बाजूने गेलेल्या माणसाला ह्या नियमाचं मोल कळेल.

झोप

सगळ्यात जास्त मी ह्याच एका गोष्टीबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने माप घालून दिलं होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४, सलग पाच तासांआधी किमान अर्धा तास विश्रांती. आम्ही दोघं अजून ह्याच मापाने चालतो. एकट्या चालकाची गाडी दिवसात आठ-दहा तास चालायला हवी, तर आमची चौदा, फार तर सोळा. चोवीस कधीच नाही.

कारण चालत्या गाडीत लागलेली झोप ही पुरती झोप नसते. बर्थवर पडलेल्या माणसाला प्रत्येक खड्डा कळतो, प्रत्येक हॉर्न कळतो. पहिल्या महिन्यात मी चालवत असताना नवरा झोपायचाच नाही. डोळे मिटून पडायचा, आणि गिअर बदलला की पाय हलायचा. मग त्याची पाळी आली की तो थकलेलाच. दोन माणसं असून गाडीत एकही ताजं माणूस नाही, अशी आमची गत होती. एका पहाटे निपाणीच्या पुढे तो क्षणभर पेंगला आणि गाडी कडेच्या पट्ट्यावर गेली. काही झालं नाही. गाडी पंपावर लावली आणि दोघंही पाच तास झोपलो. माल उशिरा पोहोचला, पैसे कापले गेले. त्या दिवशी ठरवलं ते आजपर्यंत मोडलेलं नाही.

आमची वाटणी सांगते. तुमची वेगळी होईल, पण कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. मी लवकर उठणारी, म्हणून पहाटे पाच ते नऊ माझी पाळी. नऊ ते एक नवरा. जेवण, आणि दीड तास गाडी उभी. अडीच ते सहा मी. सात ते अकरा नवरा. अकरा ते पहाटे साडेचार गाडी बंद, दोघंही आडवे. रात्री दोन ते पाच ह्या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा मंदावतं. म्हणून तेव्हा गाडी उभीच ठेवतो. उठल्या उठल्या चाक हातात घ्यायचं नाही. तोंड धुऊन, गाडीला एक फेरी मारून, चहा घेऊन, वीस-पंचवीस मिनिटांनी.

आणि एक नियम असा की "मला झोप येते" असं म्हटल्यावर दुसऱ्याने का, कशी, आता तर झोपला होतास, असं काही विचारायचं नाही. पुढचा पंप दिसला की गाडी आत.

चाकावर जो, त्याचा शब्द

घरी कोणाचं चालतं ते घरी. गाडीत जो चाकावर, त्याचा निर्णय. ओव्हरटेक करायचा की नाही, कुठे थांबायचं, पाऊस वाढला तर बाजूला घ्यायचं की नाही, हे सगळं तोच किंवा तीच ठरवणार. शेजारच्याने रस्ता सांगावा, मागची बाजू बघावी, एवढंच. पुरुषांना हे जड जातं. वीस वर्षं चालवलेल्या माणसाला वर्षभर शिकलेल्या बायकोच्या शेजारी गप्प बसणं सोपं नाही. पण त्याने टोकलं की ती रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघू लागते.

पैशाचा हिशेब, सासर-माहेर, मुलांच्या परीक्षा हे विषय गाडी चालू असताना काढायचे नाहीत. गाडी उभी असताना खुशाल भांडा. तेही नाही जमलं तर एकाने उतरून पंपाला फेरी मारून यावं. आमच्या मुलाच्या शाळेबद्दलचे सगळे निर्णय कोल्हापूरच्या आसपासच्या एका ढाब्यावरच्या बाजेवर बसून झाले आहेत.

मुलं लहान असतील तर घरी त्यांना सांभाळणाऱ्या माणसाशी नीट बोला. आई किंवा सासू "जा, मी बघते" म्हणते, पण तिच्या गुडघ्यांचं काय, रात्री ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेणार, हे ठरलेलं हवं. आम्ही शेजारच्या रिक्षावाल्याला महिन्याचे ठरावीक पैसे देऊन ठेवले आहेत, गरज पडो न पडो.

घाट

गोव्यातून पूर्वेकडे जायचं तर सह्याद्री चढल्यावाचून सुटका नाही. फोंडा-मोले-अनमोडचा राष्ट्रीय महामार्ग ७४८, साखळी-केरी-चोर्ल्याचा रस्ता, नाहीतर सावंतवाडीवरून आंबोली. पावसाळ्यात दरड येते, रस्ता खचतो, अवजड वाहनांना बंदी येते. निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि निघताना, दोन वेळा चौकशी करा. चेकनाक्यावर पोहोचून परत फिरलं की अर्धा दिवस आणि डिझेल दोन्ही जातं.

चढाला धीर लागतो आणि उताराला अक्कल, असं माझा नवरा म्हणतो. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली आणायचा. ज्या गिअरात हा घाट चढला असता त्याच गिअरात उतरायचा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक, चालू. पायाच्या ब्रेकवर सतत दाब ठेवला की लायनर तापतात आणि मग ब्रेक लागतच नाही. थोडा दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. हवेच्या दाबाचा काटा बघत राहायचा. जळका वास आला तर जागा मिळेल तिथे गाडी उभी करून चाकांना अटकाव लावायचा आणि थंड होऊ द्यायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडा जातो.

आणि न्यूट्रल कधीच नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने ४८ च्या आसपास गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला चालकाने इंजिन बंद करून उतार घेतल्याचं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरचा तोच उतार आपल्याला गोव्याहून पुण्याकडे जाताना लागतो. रस्ता रुंद, गुळगुळीत, घाट वाटतही नाही. म्हणूनच तिथे जास्त सांभाळावं लागतं. बायकोची पहिली पाळी त्या उतारावर येऊ देऊ नका.

केबिनमधलं घर

बायकांसाठी ह्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शौचालय. सुरुवातीला मी पाणीच पीत नव्हते, आणि त्याचं फळ म्हणून दोन वेळा लघवीचा संसर्ग भोगला. आता उलट करते: पाणी पिते आणि थांबे ठरवून ठेवते. तेल कंपन्यांनी स्वतः चालवलेले पंप आणि टोलनाके बहुतेक वेळा स्वच्छ मिळतात. कुठलं चांगलं, कुठल्याला कडी नाही, कुठे रात्री कुलूप असतं, हे मी वहीत लिहून ठेवते. काही पंपांवर चालकांसाठी 'अपना घर' नावाची झोपायची, अंघोळीची सोय आहे. ती पुरुष चालकांना धरून केलेली असते, तेव्हा बाई सोबत आहे हे आधी फोन करून सांगा. पाळीच्या दिवसांसाठी कागदी पिशव्या, झाकणाचा डबा, पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि ओले रुमाल केबिनमध्ये कायम असू द्या.

लग्नाच्या दाखल्याची प्रत दोघांच्या आधारबरोबर ठेवा. रात्री पोलिसांनी हटकलं किंवा लॉजवाल्याने शंका काढली, तर कागद दाखवायचा आणि पुढे जायचं. मला पूर्वी राग यायचा.

खाण्याचं सोपं ठेवा. चालत्या किंवा बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवू नका. घरून पहिल्या दिवसापुरत्या भाकऱ्या आणि सुकं, दोन दिवस टिकेल असं कोरडं मिश्रण डब्यात: सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर मी कांदा-खोबरं न घालता नेते आणि खायच्या वेळी कालवते. कोकमाच्या आगळाची एक बाटली उन्हाळ्यात औषधाच्या तोडीची. ढाब्यावर रात्री भात टाळते, झोप येते.

दारूबद्दल दोन गोष्टी. चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. आमच्या गाडीत ती शून्य आहे, बर्थवर झोपणाऱ्यालाही, कारण चार तासांनी तोच चालवणार. दुसरी: गोव्याची गाडी म्हटली की पुण्या-मुंबईचे ओळखीचे "दोन बाटल्या आण ना" म्हणतात. बांद्यानंतर इन्सुलीला उत्पादन शुल्काचा नाका आहे. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि त्यात गाडी जप्त होते. सख्ख्या भावालाही नाही म्हणा.

माल, कागद, परतीचं भाडं

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण, मडकई, बेतोडा ह्या वसाहतींतून माल निघतो. सुरुवातीला एकाच ट्रान्सपोर्टवाल्याशी बांधून राहिलात तर भाडं थोडं कमी मिळेल, पण पैसे बुडणार नाहीत. दलालाकडून परतीचा माल घेताना बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, भाडं, उचल आणि बाकी किती, गाडी खाली करायला उशीर झाला तर दिवसाचे किती, हे लिहून घ्या. तोंडी ठरलेले उभ्या गाडीचे पैसे मला आजवर एकदाच मिळाले आहेत.

पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त माल कधीच नको. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. वर जादा माल तिथेच उतरवायचा. ५०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. पुण्याच्या सुमारे ४५० किलोमीटरला तीन दिवस मिळतात. बेळगावला गाडी बिघडली आणि मुदत संपत आली, तर संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांत ती वाढवून घेता येते. हे काम बर्थवरच्या माणसाचं.

हिशेबाची वही एक, हस्ताक्षरं दोन. समजा गोवा-पुणे-गोवा ९०० किलोमीटर आणि गाडी लिटरला चार देते, तर २२५ लिटर डिझेल. त्यात टोल, युरिया, भरणी-उतरणी, दोघांचं खाणं, आणि टायरसाठी दर किलोमीटरमागे बाजूला टाकलेले पैसे. टायरचे पैसे न टाकणारा धंदा दोन वर्षं चांगला चालल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या वर्षी दहा टायर एकदम येतात.

केबिनमध्ये नंबर चिकटवा: राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, सगळ्या आणीबाणीला ११२. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्याने चालकाचं काम आहे. दोघं असल्याने एक जखमीजवळ थांबू शकतो आणि दुसरा फोन करू शकतो.

पहिल्या चार खेपा

पहिली बेळगाव, सकाळी जाऊन रात्री परत. दुसरी कोल्हापूर, एक रात्र बाहेर. तिसरी पुणे किंवा हुबळीमार्गे बेंगळुरू. चौथी भिवंडी किंवा हैदराबाद, पाच-सहा दिवसांची. त्याआधी दिल्लीचा माल कितीही गोड वाटला तरी घेऊ नका. प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस घरी: पहिल्या दिवशी झोप आणि मुलं, दुसऱ्या दिवशी ग्रीसिंग, हवा, नट, ताडपत्रीची शिवण, आणि वही. चौथ्या खेपेनंतर दोघांनी वेगवेगळं बसून लिहावं की पुढे जायचं की नाही, आणि मग एकमेकांचं वाचावं. एकाचं उत्तर नाही आलं तर नाही.

वर्षाचं गणित मांडताना चवथ सगळ्यात आधी लिहा. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर महाराष्ट्र सरकार दरवर्षी अवजड वाहनांना ठरावीक काळ बंदी घालतं, आणि तारखा थोडे दिवस आधी जाहीर होतात. भिवंडीचा माल घेऊन त्यात अडकलात तर चवथ रस्त्याच्या कडेला होते. आम्ही उलटे दिवस मोजतो: माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधायच्या चार दिवस आधी गाडी पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या सीमेच्या, अलीकडे आणि दोन दिवस आधी दारात, धुतलेली.